पावण्यांची कळशी

तळेवाड्यात बारा घरं आहेत आणि बाराही घरांत दोन-दोन कळश्या. रोजची कळशी ॲल्युमिनियमची, पोचे आलेली. तिच्यात बांयचं, म्हणजे विहिरीचं पाणी. दुसरी तांब्याची, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेली. तिच्यात देवळामागच्या झरीचं पाणी. ती पावण्यांची. घरच्या माणसानं तिच्यात तांब्या बुडवायचा नाही, मग तो घरचा धनी असो की तापानं फणफणलेलं पोर असो.

हा नेम काही देवानं घालून दिलेला नाही. वाड्याच्या डोक्यावर खाण आली, तिचा खड्डा विहिरीच्या तळाहून खोल गेला आणि एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तांबडं आलं. खाण मध्यंतरी बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पाणी मात्र तांबडं झालं ते झालंच. भात तांबूस, धुतलेलं धोतर तांबूस, न्हाणीची फरशी तांबूस. असलं पाणी पावण्यापुढं ठेवायचं कसं? झर म्हणजे थेंबथेंब गळणारी धार, देवळापर्यंत सगळा चढ, आणि कळशी भरायला अर्धा दिवस. तेव्हा बायकांनी मिळून ठरवलं, की आठवड्याला एका घराला झरीची एक कळशी आणि ती फक्त येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. वाड्याची अब्रू राहिली एवढं खरं. आत जे जात होतं त्याचा विचार कुणी केला नाही.

पहिल्यांदा तो विचार करावा लागला सुमंगलाला. वाड्यातली बालवाडी तिनं बावीस वर्षं चालवली. तिचा नवरा गुरुदास खाणीवर टिपर चालवायचा. दोन वर्षांमागं त्याचे पाय सुजायला लागले, मग तोंड सुजलं. म्हापशाच्या इस्पितळातल्या डॉक्टरनं रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"बांयचें," सुमंगला म्हणाली.

"पाण्यानंच किडन्या गेल्या असं मी लिहून देऊ शकत नाही. पण तुमच्या जागी मी असतो तर त्या विहिरीचं पाणी प्यायलो नसतो."

वाड्यात त्याआधी चार वर्षांत तीन माणसं अशीच सुजून गेली होती. म्हणून गुरुदासाचं ऐकल्यावर बायकांनी कधी नव्हे ती सूट दिली. शेजारची विनोदिनी, जी स्वतःच्या भावालासुद्धा वाड्याचा नेम ऐकवायची, तीच म्हणाली, "गुरुदासाक झरीची एक कळशी चड दिवया." त्या दिवसापासून त्याच्यासाठी झरीची एक जास्तीची, वेगळी स्टीलची कळशी यायला लागली. सूज उतरली असं नाही, पण वाढायची थांबली. डॉक्टर म्हणाला, असंच चालू द्या.

पण झर उन्हाळ्यात अर्धी होते, आणि उद्या दुसऱ्या घरातला माणूस सुजला तर त्याला कुठून द्यायचं? खरा उपाय एकच, नळ. मोठ्या रस्त्यापर्यंत नळ आला होता, तिथून तळेवाडा दोन किलोमीटर. नऊ वर्षं अर्ज चालले होते आणि नऊ वर्षं पाणीखात्याचं एकच उत्तर, की विहीर तपासली, पाणी पिण्यायोग्य आहे. तपासतात ती चतुर्थीनंतर, विहीर काठोकाठ भरून तांबडं तळाला बसलेलं असतं तेव्हा. मे महिन्यात, बालदी तळाला घासते तेव्हा, कुणी फिरकत नाही.

पेडण्याच्या पठारावर एक नवं विद्यापीठ उभं राहिलं आहे. ते गावं दत्तक घेतं, असं सुमंगलानं वर्तमानपत्रात वाचलं. तिनं बालवाडीच्या वळणदार अक्षरात दोन पानी पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. उत्तराची आशा नव्हती. पण महिन्याभरात गाडी दारात उभी राहिली आणि तिच्यातून तेजस्विनी मॅडम उतरल्या, तिशीच्या, मूळच्या दोडामार्गाकडच्या, पायांत साध्या चपला.

सुमंगलानं अर्थातच तांब्याच्या कळशीतलं पाणी दिलं. मॅडम उन्हातून आल्या होत्या, दोन पेले घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "काकी, किती गोड पाणी आहे हो तुमचं."

सुमंगलाला तेव्हाच सांगता आलं असतं. पण पावणी कौतुक करते आहे, तिला लगेच, बाई, हे आमचं नव्हे, असं कोण सांगतं? ती नुसती हसली.

मॅडमची पद्धत निराळी होती. त्या म्हणाल्या, विद्यापीठानं यायचं, बाटल्या भरायच्या, निघून जायचं, असलं आम्हाला करायचं नाही. पाणी तुमचं, तर अभ्यासही तुमचा. नमुने तुम्हीच घ्यायचे. विहीर खातं तपासतंच, आपण घरोघर प्रत्यक्ष पोटात काय जातं ते बघू. "तुम्ही रोज पिता तेच पाणी बाटलीत भरा," हे त्यांनी तीनदा सांगितलं. आणि पाणी बायकाच भरतात, तेव्हा बाटलीवर नाव बाईचंच हवं, घरधन्याचं नको. बारा बायका पदर सावरून ऐकत होत्या. मतं मागायला येणाऱ्यांखेरीज त्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. सुमंगला वाड्याची प्रमुख झाली आणि बारा पांढऱ्या बाटल्यांचा खोका तिच्या ताब्यात आला.

शुक्रवारी सकाळी बाटल्या भरायच्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी विनोदिनी मागल्या दारानं आली.

"गो सुमंगल, ह्या बाटलेर म्हजें नांव बरयतले?"

"व्हय."

"आनी हें तांबडें उदक म्हज्या नांवान थंय टेबलार दवरतले? मोठमोठीं माणसां पळयतलीं?" विनोदिनीनं आवाज खाली आणला. "हांव पावण्यांचें भरतां. एका म्हज्या बाटलेन कितें जातलें? बाकीचीं इकरा आसात मूं."

सुमंगलानं तिला तिथंच गप्प करायला हवं होतं. बावीस वर्षं तिनं दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवणाऱ्या पोरांचे कान धरले होते. पण विनोदिनीचं बोलणं तिच्या पोटात उतरलं. सकाळी ती स्वतःची बाटली घेऊन रोजच्या कळशीपाशी बसली. पाणी ओतलं. पांढऱ्या बाटलीत ते आणखीच तांबडं दिसलं, आणि त्यावर तिच्याच अक्षरात तिचं नाव. विद्यापीठातल्या लांब टेबलावर ही बाटली आणि सूटबूट घातलेली माणसं वाकून नाव वाचताहेत, असं तिला डोळ्यांपुढं दिसलं. वाटलं, आपण विद्यापीठाकडं पाणी पाठवतो आहोत, म्हणजे एका परीनं त्यांना देतोच आहोत. देताना कुणी असलं देतं? तिनं बाटली न्हाणीत ओतली, विसळली आणि तांब्याच्या कळशीतून भरली.

मग ती बाकीच्या बाटल्या गोळा करायला निघाली. दुसऱ्या घरची स्वच्छ. तिसऱ्या घरची स्वच्छ. सातव्या घरचीही स्वच्छ. बाराही बाटल्या काचेसारख्या. प्रत्येकीला वाटलं होतं, एका माझ्या बाटलीनं काय होणार. बारा बाटल्या एकत्र पाहिल्या त्या एकट्या सुमंगलानं. गाडी अकराला येणार होती. तिनं खोक्याचं झाकण लावलं आणि ओट्यावर बसून राहिली, आणि गाडी आली तेव्हा उठून खोका दिला. तेवढंच तिनं केलं.

निकाल आला. लोह, मँगनीज, आणखी पाच-सहा नावं, सगळं मर्यादेत. पाणी पिण्यायोग्य. विद्यापीठानं देवळाच्या मंडपात कार्यक्रम केला, कुलगुरूंच्या हस्ते सुमंगलाला 'ग्रामसंशोधक' असं प्रमाणपत्र दिलं. एक पाहुणे म्हणाले, विद्यापीठ आणि समाज यांचं नातं कसं असावं याचा हा नमुना आहे. टाळ्या पडल्या. वाड्यातल्या बाकी अकरा बायकांनीही वाजवल्या. प्रत्येकीला वाटत होतं, आपलं लपवलेलं लपलं आणि बाकी अकराजणींचं पाणी खरोखरच चांगलं निघालं. सुमंगला शाल सावरत उभी होती.

त्याच संध्याकाळी गुरुदासानं प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर खिळ्याला टांगलं. मग स्टीलची कळशी उचलली आणि स्वतः विनोदिनीच्या दारात नेऊन ठेवली.

"आतां म्हाका वेगळें नाका," तो सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हज्या बायलेन तपासलां. युनिव्हर्सिटीचो शिक्को आसा. झर आटत आयल्या, कोणाची तरी कळशी हांव कित्याक खांव?"

माणूस मानी होता. फुकटचं खाणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं, आणि ती सूट त्याला रोज टोचत होती. त्या दिवशी त्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. सुमंगला दारात उभी राहून ते बघत होती. तोंड उघडलं तर त्याचा हा उजेड विझेल, बारा घरांची नाचक्की होईल, विद्यापीठ पुन्हा पायरी चढणार नाही. आज नको, उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या उजाडला की पुन्हा तेच ठरवायची.

तिनं चोरून उपाय केला. आपल्या तांब्याच्या कळशीतलं पाणी काढून त्याच्या तांब्यात ओतायला लागली. गुरुदासानं पहिल्याच घोटाला ओळखलं. वीस वर्षं गंजाची चव प्यालेली जीभ ती.

"हें पावण्यांचें."

"आज बांयचें गढूळ आसा म्हूण..."

"घरचो धनी पावण्यांचें पियेता काय? पावणो आयलो जाल्यार ताका कितें दितलें? तुज्याच कागदार बरयलां न्हय, उदक बरें म्हूण?" तो रागावला नव्हता, चेष्टा करत होता. त्यानं तांब्या ओट्यावर ठेवला, रोजच्या कळशीतून पेला भरला आणि भिंतीवरच्या चौकटीकडं बघत तो संपवला.

दिवाळीनंतर पाणीखात्याचं पत्र आलं. विद्यापीठाच्या अहवालानुसार पाणी योग्य असल्यानं नळाचा प्रस्ताव बंद करण्यात येत आहे. नऊ वर्षांचं काम एका ओळीत निकालात निघालं. शिमग्यापर्यंत गुरुदासाची सूज छातीपर्यंत चढली. आठवड्याला दोनदा म्हापशाला डायलिसिसच्या मशीनवर झोपवायला लागले.

तेव्हा कुठं सुमंगला पेडण्याच्या बसमध्ये बसली. विद्यापीठाच्या लांबलचक व्हरांड्यात तिच्या चपला वाजत होत्या, त्याचीही तिला लाज वाटली. तेजस्विनी मॅडमच्या टेबलासमोर ती बसली नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. मॅडमनी कपाटातून अहवाल काढला आणि एका पानावर बोट ठेवलं.

"बाराही घरांचे आकडे जवळजवळ एकच आले होते, काकी. मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, एकच विहीर, एकच आकडा. आनंदच झाला होता मला." त्यांनी अहवाल मिटला. "आणि पहिल्या दिवशी मी ते पाणी प्यायले. कुठलं आहे, एवढं विचारलंसुद्धा नाही."

त्या आत विभागप्रमुखांकडं गेल्या. काच बंद होती तरी प्रमुखांचा आवाज बाहेर ऐकू आला. "पहिल्या वेळी त्यांनी पाणी बदललं, दुसऱ्या वेळी बदलणार नाहीत कशावरून? आता विहिरीत काही टाकून ठेवलं असेल तर? उद्या खाणवाले हेच विचारतील." मॅडम बाहेर आल्या त्या तोंड उतरवून. प्रमुखांची अट होती, बाराही घरांनी सही करून लिहून द्यायचं, की आम्ही दिलेलं पाणी खोटं होतं. तर पुढं बघू.

सुमंगला वाड्यातली बाकीची अकरा दारं फिरली. सही केली ती तिनं एकटीनं. कुणी म्हणालं, माझी बाटली तेवढी खरी होती. कुणी घरात असून घरात नव्हतं. विनोदिनी दारातच रडायला लागली. "म्हजें नांव पेपरार येतलें गो. सुनेच्या माहेरचीं वाचतलीं." आणि रडता रडता तिनं दार लोटून घेतलं. सुमंगलाला तिचा राग आला नाही. तिची स्वतःची कथा काय वेगळी होती?

उरलं होतं एकच दार, ते घरचं. म्हापशाहून परतताना बसमध्ये गुरुदास खिडकीशी टेकून बसला होता. मशीनवरून आला की तो चिपाडासारखा दिसायचा. अस्नोडा मागं पडल्यावर ती खाली मान घालून म्हणाली,

"तें उदक बांयचें न्हय आशिल्लें. बाटलेंतलें. हांवें पावण्यांच्या कळशेंतलें भरलें. सगळ्यांनीच."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. डिचोली आली, बस बदलली, मोठ्या रस्त्यावर उतरले, दोन किलोमीटर रिक्षा हादरत गेली. घरी येऊन खाटेवर बसला. भिंतीवरच्या चौकटीकडं त्यानं एकदा पाहिलं. मग म्हणाला,

"तर मागीर म्हाका पावण्यांचें दी."

तिनं तांब्याच्या कळशीतून अर्धा पेला भरला. डॉक्टरनं दिवसाला मोजकंच पाणी सांगितलं होतं. गुरुदासानं तो दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू प्यायला. स्टीलच्या कळशीतलं झरीचं पाणी त्यानं औषधासारखं घेतलं होतं; पण आपल्याच घरात पावण्यांच्या कळशीतून, चोरून दिलेला तो एक घोट सोडला, तर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"गोड आसा," तो म्हणाला. पेला रिकामा झाला तरी हातातच होता. "इतलीं वर्सां हें आमी दुसऱ्यांक कित्याक दिलें गो?"

सुमंगला त्याच्या सुजलेल्या पायांशी बसून ओक्साबोक्शी रडली. त्यानं तिला क्षमा केली की नाही ते कधीच कळलं नाही, कारण त्यानंतर तो त्या विषयावर बोललाच नाही. नवव्या दिवशी मशीनवर असतानाच तो गेला.

बाराव्याला घर भरलं. सुतक फिटलं होतं, आता येणारा माणूस पाणी घेणार, जेवणार. पहाटेच सुमंगलानं तांब्याची कळशी उचलली, तिच्यातलं झरीचं पाणी दारातल्या तुळशीत ओतलं आणि विहिरीवर गेली. मे महिना होता. बालदी तळाला घासून वर आली.

पंच आले, सगेसोयरे आले, वाड्यातल्या अकराजणी आल्या. सुमंगलानं प्रत्येकाच्या हातात तांब्याच्या कळशीतून भरलेला पेला दिला. पेले काचेचे होते, मुद्दाम काढलेले. ओटीवरचं बोलणं एकाएकी थांबलं. विनोदिनी तिच्या कानाशी येऊन पुटपुटली,

"गो, तुका पिशें लागलां? हें पावण्यांक?"

"पावण्यांकच," सुमंगला मोठ्यानं म्हणाली.

कुणी प्यायलं नाही. पंचांनी पेला हळूच खाटेखाली सरकवला. तेवढ्यात तेजस्विनी मॅडम आल्या, एकट्या, बसनं, उन्हातून चालत. त्यांना बातमी आदल्या दिवशी कळली होती. सुमंगलानं त्यांच्याही हातात पेला दिला.

"आदीं तुमी पियेलें तें पावण्यांचें," ती म्हणाली. "हें आमचें."

मॅडमनी पेला उजेडाकडं धरला. सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी तो ओठांना लावला नाही आणि खालीही ठेवला नाही. कडेला बसल्या, पर्समधली स्वतःची पाण्याची बाटली काढली, तिच्यातलं पाणी अंगणात ओतून दिलं आणि पेल्यातलं तांबडं पाणी तिच्यात भरलं. झाकण घट्ट लावलं.

"प्रमुखांनी परवानगी दिलेली नाही, काकी," त्या म्हणाल्या. "याचा कितपत उपयोग होईल, मला सांगता येत नाही. नंतर विहिरीवर जाते, तिथलं मी स्वतः भरते. पण हे आधी." त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा बाटलीवर लावला आणि पेन काढलं. "नाव कुणाचं लिहू? तुमचंच?"

चौतीस वर्षांच्या संसारात सुमंगलानं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. इस्पितळाच्या खिडकीवर कारकुनानं विचारलं, तेव्हासुद्धा तिनं कागद पुढं केला होता. ती बाटलीकडं बघत राहिली. मागं विनोदिनी हुंदके देत होती आणि कुणीतरी तिला गप्प करत होतं.

"गुरुदासाचें बरयात," सुमंगला म्हणाली.